म्हशीचा रकाना

"म्हैस रेकली म्हणून कुणाची नोकरी गेल्याचं मी अजून ऐकलेलं नाही," असं म्हणत आप्पांनी कडब्याची पेंढी चांदीपुढे टाकली. टाकली म्हणजे आपटलीच. "रेकणार नाही तर काय गाणं म्हणणार?"

सूनबाई खिडकीत उभी होती. कानावरचा हेडफोन तिनं गळ्यात उतरवला होता. "रेकू दे, आप्पा. पण ती बरोबर माझ्या खिडकीखाली रेकते. आज एक ग्राहक विचारत होता, 'बाई, तुम्ही गोठ्यातून बोलताय का?'"

"मग हो म्हणायचं. गोठा म्हणजे काय तुरुंग आहे?"

"आमच्या टीम लीडर बाईंनीही ऐकलं. पुन्हा आवाज आला तर लेखी समज देईन म्हणाल्या."

"म्हशीला देणार का समज? देऊ दे. मीही बारा वर्षं देतोय. ऐकत नाही ती."

सूनबाईचं काम आप्पांना अजून नीट उमगलेलं नव्हतं. कुठल्या कुठल्या शहरात कुणाचं घरचं इंटरनेट बंद पडलं, कुणाचा फोन मुका झाला, की तो माणूस तणतणत कंपनीचा नंबर फिरवायचा, आणि तो फोन येऊन पडायचा आप्पांच्या घरातल्या बियाणाच्या खोलीत. तिथं पोती एका भिंतीला लोटून टेबल मांडलं होतं. सकाळी साडेदहाला सूनबाई बसायची ती संध्याकाळी पाचपर्यंत. समोरचा वाट्टेल ते बोलायचा आणि ही मधाळ आवाजात म्हणायची, "आपली गैरसोय मी समजू शकते." चहाच्या दुकानात कुणी विचारलंच, तर आप्पा सांगायचे, "शिव्या खायचं काम आहे. आम्ही उभ्यानं खात होतो, ती बसून खाते. तेवढी प्रगती झाली."

मुलगा ट्रकवर. महिन्यातून चार दिवस घरी. एरवी घरात तिघंच, आप्पा, माई आणि सूनबाई. चौथी चांदी. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चांदी. घरातल्या मोठ्या निर्णयांत आप्पा तिचा विचार आधी घ्यायचे, माईचा नंतर.

माईंनी मात्र या वेळी निकाल सुनेच्या बाजूनं दिला. "म्हशीला जागा पुष्कळ आहेत. पोरीला एकच खोली आहे."

आप्पांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास त्यांनी चांदीचं दावं सोडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत निघाले. "चल बाई. आपण अडाणी. आपल्याला माफ करा म्हणता येत नाही. आपण रानात राहू."

शेताच्या कोपऱ्यात टेलिफोनचा शेवटचा खांब होता. तिथून तार वळून घराकडं यायची. तारेच्या ओढीनं खांब कलू नये म्हणून कंपनीनं त्याच्या शेंड्यापासून एक जाड पोलादी तार उलट्या बाजूला तिरकी आणून जमिनीत पुरली होती. लाइनमन तिला ताण म्हणायचा. आप्पा तिला काहीच म्हणत नव्हते. पण तिच्या बुडाशी, बरोबर म्हैस बांधायच्या उंचीवर, एक लोखंडी कडी होती, आणि अशी आयती कडी शेतात नुसती राहू देणं आप्पांच्या स्वभावात बसत नव्हतं. शेजारच्या झाडाची सावलीही नेमकी तिथंच पडत होती. कंपनीनं आयुष्यात एक तरी सोय केली, असं म्हणून त्यांनी दावं कडीला अडकवलं.

तिसऱ्या दिवशी लाइन पडली.

पडली म्हणजे पूर्ण मेलीही नाही. सूनबाई कुणाला तरी सांगत होती, "काळजी करू नका, आपली लाइन दोन मिनिटांत सुरू होईल," आणि तिची स्वतःचीच गेली. राउटरवरचा हिरवा दिवा तांबडा झाला. पाच मिनिटांनी हिरवा. अर्ध्या तासानं पुन्हा तांबडा. संध्याकाळपर्यंत अकरा वेळा हे झालं. साडेचारला टीम लीडर बाईंची लेखी समज आली, तीही वाचता वाचता दोनदा अडकली.

तक्रार करायची तर फोन हवा, आणि फोनच बंद. मोबाइलला गावात एकाच ठिकाणी रेंज, गावामागच्या टेकडीवर. सूनबाई निघाली तसे आप्पाही चपला सरकवून निघाले. कंपनीशी बोलायची संधी त्यांना सोडायची नव्हती.

टेकडीवर गरम वारा सुटला होता. सूनबाईनं नंबर लावून मोबाइलचा आवाज मोठा केला. आधी यंत्र बोललं. मराठीसाठी एक, तक्रारीसाठी तीन, जुन्या तक्रारीसाठी चार. मग वीस मिनिटं सनई वाजली. मग एक गोड आवाज आला.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

"लाइन बंद पडतेय," आप्पा म्हणाले.

"आपली गैरसोय मी समजू शकते."

आप्पांनी सुनेकडं पाहिलं. सूनबाईनं नजर दुसरीकडं वळवली.

"सर, राउटरवरचा दिवा कोणत्या रंगाचा आहे?"

"आम्ही टेकडीवर आहोत."

"कृपया राउटरजवळ उभं राहून बोला, सर."

"राउटरजवळ उभं राहिलं की बोलता येत नाही. बोलता आलं असतं तर या वयात टेकडी कशाला चढलो असतो?"

"मी समजू शकते, सर. आता राउटर बंद करा आणि तीस सेकंदांनी चालू करा."

"इथून करू? दगड मारून?"

सूनबाईनं मोबाइल आपल्याकडं घेतला. "अगं, मी बोलतेय. बारा नंबर, तुझ्याच टीममधली."

मग तोच आवाज खाली येऊन कुजबुजला, "बारा नंबर? तू? अगं, कॉल रेकॉर्ड होतोय. मला सगळे प्रश्न विचारावेच लागतात, तुला माहितीये." आणि पुन्हा गोड होऊन, "मॅडम, राउटर बंद करून तीस सेकंद थांबाल का?"

आणि सूनबाई, जिनं हे वाक्य दोन वर्षांत हजारो लोकांना ऐकवलं होतं, टेकडीवर तीस सेकंद मुकाट उभी राहिली. नियम म्हणजे नियम. आप्पांनी मोठ्यानं तीसपर्यंत अंक मोजले.

तक्रार नोंदली गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहानंतर लाइनमन आला. चौदा गावांना मिळून तो एकटा. मोटारसायकलला शिडी बांधलेली, खांद्याला तपासायचा फोन. तो आला तेव्हा चांदीची धार काढून झाली होती आणि ती अंगणात रवंथ करत होती. त्यानं घरातला जोड तपासला, खांबावर चढून तारांच्या जोडाची डबी उघडली, फोन लावून ऐकलं.

"लाइन ठणठणीत आहे, आप्पा."

"दिवसभर मेली होती."

"आता जिवंत आहे. मी आता आलोय, आताचं सांगणार."

तो गेला आणि अर्ध्या तासात मोबाइल टेकडीवर नेला तेव्हा निरोप दिसला, 'आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे.' दुसऱ्या दिवशी साडेदहाला दिवा तांबडा.

असं तीनदा झालं. आप्पा टेकडी चढायचे, लाइनमन संध्याकाळी यायचा, लाइन ठणठणीत असायची, कंपनी स्वतःची पाठ थोपटून घ्यायची. चौथ्या वेळी मात्र आप्पांनी लाइनमनला चहाच्या दुकानात गाठलं, आठ-दहा माणसांदेखत.

"काय रे, तुला दिवसाउजेडी खांब दिसत नाही का?"

"चौदा गावं आहेत, आप्पा. तुमच्याकडं पोचेपर्यंत संध्याकाळ होते."

"पगार घ्यायला जाताना बरोबर सकाळी पोचतोस ना?"

लोक हसले. लाइनमनच्या हातात कप होता. "आप्पा, मला एकदा त्या खांबापाशी दुपारी..."

"दुपारी तू झोपतोस, माहितीये. काम करायचं नसलं की सगळ्यांना लाइन ठणठणीतच दिसते."

लाइनमननं कप खाली ठेवला, राहिलेला चहा तसाच सोडला आणि शिडी सावरत निघून गेला. आप्पांनी त्याच बाकड्यावर बसून कंपनीच्या मोठ्या ऑफिसला अर्ज लिहिला. चहावाल्यानं तो सगळ्यांना वाचून दाखवला. 'आपला लाइनमन कामचुकार असून खांबाखाली झोपा काढतो' हे वाक्य लोकांना फार आवडलं, म्हणून अर्ज दोनदा वाचला.

घरी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. सूनबाईला दुसरी लेखी समज आली होती. पुढच्या गुरुवारी अकरा ते एक टीम लीडर बाई स्वतः तिच्या कॉलवर कान लावून बसणार होत्या. त्या दोन तासांत लाइन एकदा जरी पडली, तरी तिची खुर्ची दुसऱ्या कुणाला देणार.

"नाही तर नाही," माई तिला समजावत होत्या. "जगबुडी होत नाही."

"माई, मी लग्न होऊन आले तेव्हा घर तुमचं होतं, शेत आप्पांचं होतं, म्हैससुद्धा आप्पांची होती," सूनबाई म्हणाली. "माझं म्हणावं असं एवढंच आहे. ती खोली आणि हा कानावरचा पट्टा. तो गेला तर मी नुसती सून उरते."

आप्पा ओसरीवर दावं वळत बसले होते. त्यांना सगळं ऐकू आलं. एरवी त्यांनी काहीतरी खोचक उत्तर दिलं असतं. पण त्यांना पोरीची कणव आली, आणि कणव आली की आप्पांना काही सुचत नसे. मग त्यांनी कंपनीला दोन शिव्या हासडल्या. तेवढंच मन हलकं झालं.

शनिवारी सूनबाई वही घेऊन ओसरीवर आली. गेले काही दिवस लाइन पडायची आणि उठायची वेळ ती त्यात लिहीत होती.

"आप्पा, पाच मिनिटं ग्राहक व्हा."

"जन्माचा ग्राहकच आहे मी. खताचा, बियाणाचा, डिझेलचा. कुणी कधी माझी गैरसोय समजून घेतली नाही."

"मी समजून घेते. सांगा, लाइन पडायला लागली त्याच्या आधी घरात किंवा आसपास काही बदललं का? खोदकाम, नवी वायर, काही हलवाहलव?"

"काही नाही."

"नीट आठवून सांगा."

"आठवायला मी काय चोरी केलीय?"

सूनबाईनं वहीत लिहिलं, काही नाही. मग शांतपणे वाचायला लागली. "सोमवारी साडेदहा ते पाच, नऊ वेळा. मंगळवारी एकदाही नाही. बुधवारी साडेदहा ते पाच, बारा वेळा. संध्याकाळी पाचनंतर कधीच नाही. सकाळी दहाच्या आत कधीच नाही." तिनं वर पाहिलं. "मंगळवारी काय होतं?"

माई कांदे निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मंगळवारी चांदीला गुरांच्या डॉक्टरकडं नेली नव्हती का, खूर दाखवायला? दिवसभर शेतात कुठं होती ती."

आप्पांच्या हातातला चहा तोंडाशी जाता जाता थांबला. सूनबाईनं वही मिटली. ती उठून आत निघून गेली.

ऊन कलल्यावर आप्पा काहीतरी राहिल्याचं सांगून शेतात गेले. काळी जमीन उन्हानं भेगाळली होती, एकेका भेगेत हात जाईल एवढी. ताणाची तार जिथं जमिनीत शिरत होती तिथली माती सगळी सैल होऊन वर आली होती. कडी दाव्यानं घासून चांदीच्या दागिन्यासारखी चकाकत होती. खांब घराच्या बाजूला वीतभर कलला होता. आप्पांनी तार धरून जरा हलवली. वर डबीत काहीतरी कुरकुरलं. चांदी शेजारी उभी होती. तिनं माशी उडवायला मान झटकली, दावं ताणलं, तार ताणली, आणि वरची डबी पुन्हा कुरकुरली.

"अगं बये," आप्पा हळूच म्हणाले.

त्यांनी चांदीला सोडून बांधावरच्या दुसऱ्या झाडाला बांधलं. घरी येऊन जेवले. कुणाला काही बोलले नाहीत. सांगणार तरी काय? चहाच्या दुकानात दोनदा वाचलेला अर्ज आता कुणाच्या तोंडानं मागं घ्यायचा? आणि मुळात म्हैस तिथं नेली कुणामुळं? सुनेमुळंच ना? हा विचार त्यांना बराच पटला. पण पटूनही झोप काही आली नाही.

रविवारपासून लाइन धरली. सोमवार चांगला गेला, मंगळवार चांगला गेला. गावात आप्पांचा भाव वधारला. "अर्ज असावा तर असा," चहावाला म्हणाला. "एका कागदात कंपनी सरळ." दोघं-तिघं आपापल्या विजेच्या आणि पाण्याच्या तक्रारी घेऊन आप्पांकडं अर्ज लिहून घ्यायला आले. आप्पांनी लिहून दिले. नाही तरी कसं म्हणायचं?

मंगळवारी दुपारी लाइनमन मुद्दाम उजेडी खांब बघून गेला. बुधवारी तो दुकानात आला. त्याच्या हातात ऑफिसचा कागद होता.

"आप्पा, तुमच्या अर्जावर माझ्याकडून खुलासा मागवलाय. मी झोपा का काढतो ते कळवायचंय. तुम्हीच सांगा, काय लिहू?"

सगळे आप्पांकडं बघत होते. खरं सांगायची याहून चांगली वेळ येणार नव्हती. आप्पांनी घसा खाकरला.

"लिही की लाइन चालू झाली. झालं गेलं संपलं," ते म्हणाले.

लाइनमननं कागदाची घडी करून खिशात ठेवली. आप्पांना स्वतःची लाज वाटली. इतकी वाटली की त्यांनी समोरचा चहा तसाच सोडला.

गुरुवारी सकाळपासून वारा सुटला. साधा नाही, धुळीचे लोट उठवणारा, झाडं वाकवणारा. दहा वाजता सूनबाई खोलीत बसली. साडेदहाला दिवा तांबडा झाला. मग हिरवा. मग तांबडा. टेबलावर दोन्ही हात ठेवून दिव्याकडं बघत राहिली. दारातून आप्पांनी तिचा चेहरा पाहिला आणि चप्पल न घालता शेताकडं धाव घेतली.

चांदी बांधावर निवांत होती. तिचा आता काही संबंध नव्हता. जे करायचं ते तिनं आधीच करून ठेवलं होतं. सैल झालेला ताण वाऱ्याच्या प्रत्येक झोतासरशी मातीतून बोटभर वर यायचा, खांब घराकडं झुकायचा आणि डबी कुरकुरायची. आप्पांनी ताणावर दगड ठेवले. ते घरंगळले. मोठी खुंटी ठोकली. भेगाळलेल्या मातीनं ती दाताशिवायच्या तोंडासारखी सोडून दिली. शेवटी त्यांनी तार दोन्ही हातांनी धरली, टाचा रोवल्या आणि मागं झुकले. खांब सरळ झाला. कुरकुर थांबली.

माई मागोमाग आल्या होत्या. "काय करताय?"

"घरी जा. खिडकीतून दिवा बघ. हिरवा असला तर दोरीवरची हिरवी चादर धर, तांबडा झाला तर टॉवेल. ओरडू नको, आवाज जाईल फोनात."

"पण तुम्ही..."

"जा म्हणतो ना. अकरा वाजायला आले."

माई गेल्या. लांब अंगणात हिरवी चादर वर झाली. आप्पांनी गोणपाट कमरेभोवती गुंडाळलं, त्यावरून तारेचा वेढा घेतला आणि बांधाला पाय लावून बसले. वाऱ्याचा झोत आला की तार कमरेत रुतायची. जरा सैल पडले की अंगणात लगेच तांबडा टॉवेल. पुन्हा ओढलं की हिरवी चादर. अकराच्या आत तीनदा टॉवेल आला. अकरानंतर आप्पांनी एकदाही येऊ दिला नाही.

डोळ्यांत धूळ जात होती आणि पुसायला हात नव्हते. समोर चांदी रवंथ करत त्यांच्याकडं बघत होती. आपल्या जागी मालक बांधलेला बघून तिला काय वाटलं ते तिचं तिला ठाऊक.

सव्वाबाराला मोटारसायकल बांधापाशी थांबली. लाइनमन उतरला. त्यानं खांबाकडं पाहिलं, तारेकडं पाहिलं, तारेच्या टोकाला असलेल्या आप्पांकडं पाहिलं.

"आज म्हैस नाही आणली?"

आप्पांनी मान वर केली. "तुला म्हशीचं कसं माहीत?"

"परवा उजेडी आलो होतो. कडी चकाकतेय. कंपनी कड्या घासत नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"दुकानात तुम्ही बोलू दिलं असतं, तर बोललो असतो." त्यानं शिडी सोडायला हात घातला. "सोडा आता. जोड नवा करतो, ताण पुन्हा पुरतो. तासभर लाइन बंद ठेवावी लागेल."

"एक वाजेपर्यंत हात लावायचा नाही. पोरीची परीक्षा चाललीय आत."

लाइनमननं घराकडं पाहिलं. हिरवी चादर फडफडत होती. त्याला सगळं कळलं. "मग धरा एकपर्यंत," असं म्हणून तो सावलीत बसला, बाटलीतून पाणी प्यायला आणि पिशवीतून फॉर्म काढला.

"तोवर हे भरून घेऊ. बिघाडाचं कारण काय लिहू? इथं रकाने आहेत. पाऊस, वारा, चोरी, खोदकाम, ग्राहकाची चूक."

"म्हैस लिही."

"म्हशीचा रकाना नाही."

"मग वारा लिही. वारा आहेच."

लाइनमननं पेन टेकवलं. आप्पा बघत होते. वारा खरा होता, कुणी खोटं म्हणू शकलं नसतं. अर्ज खरा ठरला असता, दुकानातला मान राहिला असता. आणि हा माणूस ऑफिसात झोपाळू ठरला असता.

"थांब," ते म्हणाले. "ग्राहकाची चूक लिही."

"सही लागेल."

"हात मोकळा नाही."

"एक वाजता करा. पळून थोडेच जाताय?" लाइनमननं खूण केली, फॉर्म घडी करून ठेवला आणि उठला. आप्पांच्या मागं येऊन त्यानं तार धरली, टाचा रोवल्या. कमरेतला वेढा एकदम सैल झाला.

"तू कशाला?"

"तुमच्या वयाच्या माणसाला ऊन लागलं तर मला वेगळा फॉर्म भरावा लागतो. तो चार पानी आहे."

दोघं एकामागं एक बसून ओढत राहिले. बांधावरून जाणाऱ्या एकानं विचारलं, "आप्पा, विहीर काढताय का?" आप्पांनी तार आणखी ओढली. एक वाजून पाच मिनिटांनी माईंच्या हातातून चादर सुटली आणि सूनबाई पाण्याचा तांब्या घेऊन शेतातून पळत येताना दिसली.

"झालं," ती धापा टाकत म्हणाली. "एकदाही पडली नाही. टीम लीडर बाई म्हणाल्या, मागून वाऱ्याचा आवाज येत होता, बाकी ठीक आहे. खुर्ची राहिली, आप्पा." मग तिला त्यांच्या सदऱ्यावरचा गंजाचा पट्टा दिसला आणि तळहात दिसले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आप्पांनी आधी फॉर्मवर सही केली. बोटं वळत नव्हती, सही दुसऱ्याच कुणाची वाटत होती. मग पाणी प्यायले. मग म्हणाले, "सूनबाई, चांदी मी इथं बांधत होतो. या कडीला."

"माहितीये मला. शनिवारपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"पहिल्याच दिवशी शिकवतात आम्हाला. चूक तुमची आहे असं ग्राहकाला कधी म्हणायचं नाही. चिडतो आणि फोन ठेवतो. फक्त विचारायचं, काय बदललं, आणि थांबायचं." तिनं रिकामा तांब्या उचलला. "आणि चांदीला खिडकीखालून हलवा म्हणणारी मीच होते."

लाइनमन शिडी लावत होता. "तुम्ही दोघं माफी मागून घ्या," तो वरून म्हणाला. "मला तासभर लागेल." आप्पांनी वर बघून त्याचीही मागितली. त्यानं ऐकलं की नाही कळलं नाही, पण त्या संध्याकाळी आप्पा दुकानात गेले आणि आपल्याच अर्जाचा उतारा काढून, सगळ्यांदेखत, वाक्यावाक्याला खोटा ठरवून वाचला. लोक पहिल्यापेक्षा जास्त हसले. मोबाइलवर निरोप आला होता, 'आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे. आमच्या लाइनमनला किती गुण द्याल?' आप्पांनी टेकडीवर उभं राहून पाचपैकी पाच दाबले, चुकून दोनदा.

चांदीला सूनबाईनंच सोडून आणलं आणि खिडकीखालच्या जुन्या खुंट्याला बांधलं. आप्पा नको म्हणत होते. "रेकू दे," ती म्हणाली. "लाइन पडण्यापेक्षा रेकलेलं परवडलं."

पुढच्या सोमवारी दुपारी चांदी खिडकीखाली आणि आप्पा तिच्याशेजारी दावं वळत बसले होते. आत सूनबाईच्या कानात कुणीतरी लांबचा माणूस पेटला होता. तो इतका मोठ्यानं बोलत होता की बाहेरही ऐकू येत होतं. त्याची लाइन आठ दिवस पडत होती, तीन वेळा लाइनमन येऊन गेला होता, सगळे कामचुकार होते.

"आपली गैरसोय मी समजू शकते," सूनबाई म्हणाली. "सर, त्याआधी घरात किंवा आसपास काही बदललं का?"

"काहीही बदललेलं नाही."

चांदी लांबलचक रेकली.

"बाई, तुम्ही गोठ्यातून बोलताय का?"

"हो," सूनबाई म्हणाली.

आप्पांनी खिडकीतून डोकं आत घातलं. "त्याला विचार, म्हैस कुठं बांधतो."



"थांबा जरा," पलीकडचा माणूस हळू आवाजात म्हणाला. "मी बघून येतो."